प्लास्टिकचं पापलेट: पुळणीपासून भंगारवाल्यापर्यंत

दापोली तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांना मुलं बसवायची, वस्तुचित्र आणि संकल्पचित्र घोटून घ्यायचं, हे माझं रोजचं काम. २०२४ च्या नोव्हेंबरात आठवी-नववीच्या मुलांना घेऊन किनाऱ्यावरच्या टाकाऊ प्लास्टिकचा आठ फुटी मासा करायला घेतला आणि २०२५ च्या मे महिन्यात तो सुटा करून हातावेगळा केला. मधल्या काळात ओळखीच्या दोन-तीन शिक्षकांनी विचारलं, "परवानगी कुणाची लागते? खर्च किती येतो? आपल्याला जमेल का?" म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा विधानसभेची आचारसंहिता लागलेली. २० नोव्हेंबरला मतदान, अर्धे शिक्षक निवडणुकीच्या कामावर, त्यात मीही. अशा दिवसांत कुठल्याही कार्यालयात नवा अर्ज घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. पण कचरा गोळा करायला आचारसंहिता आड येत नाही. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, १६ नोव्हेंबरला शनिवार होता. आमच्याकडे भरतीचा हिशोब तिथीवर चालतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसहाच्या सुमाराला. सातला मुलांना घेऊन गेले, तर उधाणाने रात्री आणून टाकलेल्या मालाची रेघ पुळणीवर सरळ दिसत होती. मोबाइलवर भरतीची वेळ सांगणारी अॅप आहेतच, पण मुलांनी पाऊणपटीचं गणित फळ्यावर मांडलं ते मला जास्त आवडलं.

मुलांना न्यायच्या आधी पालकांची संमतीपत्रं, मुख्याध्यापकांची सही आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी एवढं उरकून घेतलं होतं. हातमोजे रबरी घेऊ नका. घाम येतो, पोरं काढून टाकतात. बांधकामावर वापरतात ते सुती, तळव्याला रबर लावलेले घ्या. घाऊक घेतल्यामुळे मला ६०० रुपयांत पुरेसे मिळाले. सुया, काच आणि औषधांच्या बाटल्या मुलांनी उचलायच्या नाहीत, मोठ्यांना हाक मारायची, हा नियम पहिल्या दिवशीच केला.

काय मिळालं? दोरांचे निळे-नारिंगी तुकडे, जाळ्यांचे गुंते, बाटल्यांची झाकणं, चपला, लायटर, टूथब्रश, थर्माकोल आणि गुटख्याच्या पुड्या. गुटखाबंदी महाराष्ट्रात २०१२ पासून आहे. आमच्या पुळणीला ते अजून कुणी कळवलेलं नाही. जोड्यातली एकच चप्पल का येते, यावर मुलांनी बराच वाद घातला. त्यांना मी केनियातल्या लामूच्या त्या गलबताबद्दल सांगितलं. टाकाऊ प्लास्टिकचं बांधलेलं, वरून हजारो जुन्या चपलांच्या रंगीत तुकड्यांनी मढवलेलं. २०१८ मध्ये ते पाण्यात उतरलं आणि पुढच्या वर्षी लामूहून झांजिबारपर्यंत गेलं. त्यानंतर चपला उचलायला कुणी नाक मुरडलं नाही.

डिसेंबरभर दर शनिवारी हेच चाललं. गोळा करणं सोपं, धुणं कठीण. समुद्रातल्या प्लास्टिकवर मीठ, वाळू, शेवाळ आणि चिकटलेले शिंपले असतात. मीठ राहिलं तर पुढे तार गंजते. गावात पाण्याची काय स्थिती असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आम्ही पहिली धुलाई खाडीतच केली आणि दुसरी शाळेत, दोन ड्रम भरून, थोडी धुण्याची पावडर टाकून. ड्रममधलं पाणी गाळून परत वापरलं. झाकणं आणि शंखासारख्या पोकळ वस्तू धुण्याआधी पालथ्या करून बघा, आत लहान खेकडे घर करून असतात. वाळवायचं सावलीत. उन्हाने जे आधीच पोखरलंय ते आणखी ठिसूळ होतं.

वर्गवारीसाठी बादलीची युक्ती कामाला आली. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट, तुकडा करून टाकला की बुडतो. झाकणं, शाम्पूच्या बाटल्या, डबे आणि बहुतेक दोर तरंगतात, कारण ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचे. किनाऱ्यावर झाकणं इतकी आणि बाटल्या त्या मानाने कमी का, हे सातवी-आठवीच्या विज्ञानातल्या घनतेच्या धड्यापेक्षा बादलीने लवकर पटवलं. दुसरी चाचणी बोटांची: तुकडा वाकवायचा. कडकन मोडला किंवा नखाखाली भुगा झाला तर तो कलाकृतीत घ्यायचा नाही. ऊन-वाऱ्यात त्याचा चुरा होऊन पुन्हा समुद्रातच जाणार, मग आपण नेमकं काय केलं?

मासा कुठला, यावर मतदान घेतलं. मुलांना कासव हवं होतं. कासवांच्या घरट्यांची आंजर्ले, वेळास ही गावं जवळच असल्यामुळे कासव म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. पण बंदरावर मासळी विकणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "कासव सगळेच करतात. पापलेट का नाही करत? आता बघायलासुद्धा मिळत नाही." पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर झालं, हे त्यांना माहीत नव्हतं. ऐकून म्हणाल्या, "मान दिला, मासा कुठाय?" मुलांनी नेटवरून काढलेल्या चित्रात पोटाखाली परांची जोडी होती, ती मावशींनी पहिल्या नजरेत खोडायला लावली. सरंग्याला, म्हणजे पापलेटला, तिथे पर नसतात. शेपटीचा खालचा फाटा वरच्यापेक्षा लांब, हेही त्यांनीच दाखवलं.

मग प्रश्न आला चंदेरी रंगाचा. वेफर्सची पाकिटं आतून लख्ख चंदेरी असतात आणि भंगारवाला त्यांना हात लावत नाही, म्हणजे आमच्यासाठी सोनंच. पण त्यातली थोडी मी डिसेंबरातच शाळेच्या गच्चीवर जाळीला बांधून ठेवली होती. जानेवारीच्या मध्याला बघितलं तर चंदेरी थर सुटून कपच्या उडायला लागलेल्या. पातळ प्लास्टिक आणि कागदासारखी पाकिटं उघड्यावर लावूच नका, हे माझं ठाम मत आहे. नेटवर दिसणारे पाकिटांचे, पिशव्यांचे मासे फोटोपुरते सुंदर असतात. आम्ही पांढऱ्या आणि राखाडी झाकणांवर, शाम्पूच्या पांढऱ्या बाटल्यांच्या चकत्यांवर आणि उन्हाने फिकट झालेल्या दोरांवर भागवलं. प्लास्टिकला रंग मात्र एक थेंबही लावला नाही. रंगवलेलं प्लास्टिक नंतर भंगारात घेत नाहीत आणि रंगाचे पोपडे निघतात ते वेगळंच.

आता कागदपत्रांकडे. मतमोजणी झाली, आचारसंहिता उठली आणि २ डिसेंबरला मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. तिथल्या भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, वाचून पहिलाच सल्ला दिला तो लाखमोलाचा: "मॅडम, 'शिल्प' आणि 'पुतळा' हे दोन शब्द काढा. पुतळ्याची प्रक्रिया निराळी असते, तुमचा कागद जिल्ह्याला जाईल." अर्ज नव्याने लिहिला: 'टाकाऊ प्लास्टिकपासून बनवलेली तात्पुरती शैक्षणिक मांडणी'. सोबत मापांसह चित्र, वजन, जागेचा फोटो, कधीपासून कधीपर्यंत, आणि काढून नेण्याची लेखी हमी. याच्या पाच प्रती केल्या. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, नुसती सही घेऊन परत येऊ नका.

किनाऱ्यावर अनेकांची हद्द असते. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा किनारा नियमन क्षेत्रात सगळ्यात कडक वर्गात येतो, तिथे काहीही उभं करायचा विचार सोडूनच दिला. शिवाय नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात. म्हणून पुळणीच्या वर, रस्त्यालगतचं ग्रामपंचायतीचं मोकळं मैदान मागितलं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव, महसूलचं पत्र, वन विभागाचं ना-हरकत आणि पोलीस ठाण्याला माहितीचं पत्र असं चार ठिकाणी फिरावं लागलं. ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आला. सरपंच ताईंनी विषय मांडला, एका ज्येष्ठांनी "कचऱ्याचं प्रदर्शन कशाला?" म्हणून हरकत घेतली, मग नववीच्या एका मुलीने उठून दोन मिनिटं उत्तर दिलं. तिच्या घरची होडी आहे. ठराव मंजूर झाला.

एका टेबलावर मात्र कागद तीन आठवडे हलला नाही. दर वेळी साहेब बैठकीला. त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणात राजकोटला शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला, त्यानंतर किनाऱ्यावर काहीही उभं करायचं म्हटलं की प्रत्येक जण वारा आणि गंज यांबद्दल विचारत होता. मला तेव्हा चिडचिड झाली, पण प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी अभियंत्याचं स्थैर्य पत्र मागितलं. आमच्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी स्थापत्य अभियंता आहे, त्याने फुकट करून दिलं आणि जे समजावलं ते मी वर्गात तसंच्या तसं सांगितलं.

पापलेट चपटं असतं. म्हणजे वाऱ्याला ते मासा नसून शीड आहे. आमच्या माशाचं क्षेत्रफळ साधारण तीन चौरस मीटर. ताशी ७२ किलोमीटरचा वारा सुटला तर तेवढ्या बंद फळीवर सत्तर-पंचाहत्तर किलोचा रेटा येतो, आणि तो दीड मीटर उंचीवर लागला की बूड उलटतं. उपाय दोन: अंग सच्छिद्र ठेवा आणि बुडाशी वजन द्या. म्हणून आम्ही पत्रा किंवा फळी न घेता वेल्डेड जाळी घेतली आणि झाकणांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या. वजनासाठी पुळणीवरची वाळू भरायची कल्पना कुणीतरी काढली, पण ते गौण खनिज, त्याची परवानगी आणखी निराळी. गावात एकाचं घरबांधणीचं काम थांबलेलं होतं. त्याच्याकडून बारा जांभे चिरे उसने आणले. एक चिरा साधारण तीस किलोचा, लोखंडी चौकटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना सहा-सहा.

परवानगीचं पत्र १८ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या आदल्या दिवशी हातात पडलं. अटी अशा: जमिनीत खड्डा नाही, काँक्रीट नाही. रात्री दिवे लावायचे नाहीत, कासवांच्या पिल्लांना उजेडाने दिशा चुकते. मांडणी १५ मेपर्यंत काढून जागा पूर्ववत करायची आणि तसं लेखी कळवायचं. मी ३१ मे मागितलं होतं. मे महिन्यात पर्यटक आणि चाकरमानी येतात, नेमके तेच दिवस कापले म्हणून मी घरी येऊन बराच वेळ कुरकुर केली.

पण १५ मेच्या त्या अटीनेच मासा घडवला, असं आता म्हणावंसं वाटतं. काढायचाच आहे तर डिंक नाही, एपॉक्सी नाही, वितळवून चिकटवणं नाही. वितळवणं तसंही मुलांबरोबर करूच नये. पीव्हीसीचा तुकडा चुकून तापला तर विषारी वायू सुटतो. सगळं भोक पाडून तारेने किंवा दोराने बांधायचं. अंगाचे दोन-दोन फुटांचे चौकोनी भाग करायचे, ते वर्गात आडवे ठेवून भरायचे आणि शेवटी नट-बोल्टने सांगाड्यावर चढवायचे. बोल्टला आधीच ग्रीस लावा, खाऱ्या हवेत आठवड्यात गंजून घट्ट बसतात.

२१ फेब्रुवारीला दहावीची परीक्षा सुरू झाली. आमची शाळा केंद्र, त्यामुळे १७ मार्चपर्यंत ठोकाठोकी बंद. आम्ही चौकटी वेल्डरदादाच्या शेडमध्ये हलवल्या. ड्रिल तो आणि मी चालवायचो, मुलं तार ओवायची. केबल टाय वापरून पाहिले. पांढरे उन्हाने तडकतात, काळे टिकतात, पण ते म्हणजे नवं प्लास्टिक विकत आणणंच. मग मासेमारीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी जाळ्यांच्या गुंत्यातून दोर सोडवून मुलांना गाठ शिकवली. ती गाठ ओढल्यावर आवळते आणि एका बाजूने ढकलली की सुटते. तारेपेक्षा वेळ निम्मा लागला. कल्ल्यापाशी काळ्या चपलांच्या पट्ट्या, डोळ्याला एका नावेचा तुटका तरंगता गोळा, बाकी सगळं पांढरं-राखाडी.

शिमग्यात सगळं ठप्प. १३ मार्चला होळी, मग पालख्या, वेल्डर नाचायला, मुलं नाचायला, मीही. कोकणात कुठलंही काम ठरवताना शिमग्याचा आठवडा सरळ खोडून टाका. मुंबईहून आलेले चाकरमानी शेडमधला सांगाडा बघून "हे काय, मोबाइलचा टॉवर?" विचारून गेले.

२२ मार्चला मासा मैदानात उभा राहिला. खर्चाचा हिशोब असा: चौकोनी पाइप आणि वेल्डेड जाळी ६,३००, वेल्डिंगची मजुरी ३,५००, रेड ऑक्साइड आणि लोखंडाला रंग १,१००, गॅल्व्हनाइज्ड तार आणि नट-बोल्ट ९००, हातमोजे ६००, टेम्पो १,५००, झेरॉक्स आणि फिरणं धरून आणखी हजारभर. पंधरा हजारांच्या आत. निम्मे माजी विद्यार्थ्यांनी दिले, बाकीचे मी आणि दोन सहकाऱ्यांनी. गोळा केलेला कचरा सुमारे १६० किलो होता, त्यातला माशाच्या अंगावर लागला ४१ किलो. हा आकडा मी मुद्दाम सांगते. असा मासा करून किनारा साफ होत नाही. पुढच्या अमावास्येला तेवढंच पुन्हा आलं.

लोक फोटो काढत होते, ते ठीकच. अंदाज नव्हता तो वेगळ्याच गोष्टीचा: चार दिवसांत लोकांनी फटींमधून रिकाम्या बाटल्या माशाच्या पोटात कोंबायला सुरुवात केली. काहींना वाटलं ही कचराकुंडीच आहे. तशी माशाच्या आकाराची कुंडी ठिकठिकाणी असते, पण ती रिकामी करायला माणूस नेमलेला असतो. आमच्याकडे ते काम दर सोमवारी माझ्याकडे आणि शिपाईकाकांकडे आलं. तुम्ही करणार असाल तर पोट बंद ठेवा किंवा उपसायची पाळी आधी वाटून घ्या. आतमध्ये भरलेल्या बाटल्यांनी फटी बुजतात आणि वाऱ्याचा सगळा हिशोब बदलतो.

१० मेला, शनिवारी, मासा उतरवला. शाळेला सुट्टी होती, तरी बरीच मुलं आली. दोन पान्हे, एक पकड आणि कात्री यांवर दुपारपर्यंत काम झालं. झाकणं, बाटल्या पुन्हा गोण्यांत वेगळ्या भरल्या. स्वच्छ आणि वर्गवारी केलेलं असल्यामुळे भंगारवाल्याने कुरकुर न करता पेट आणि कडक प्लास्टिक घेतलं, ४३० रुपये दिले. दोर, चपला आणि जाळ्यांचे तुकडे त्याने घेतले नाहीत. जाळ्यांचे चांगले तुकडे आजोबांनी परसातल्या भाजीच्या कुंपणाला नेले, चपला आणि थर्माकोल ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये पडून आहेत. त्यांचं पुढे काय, याचं उत्तर आमच्या तालुक्यात मला कुणाकडे मिळालं नाही.

चिरे परत केले. जागेचे फोटो काढून १४ मेला चारही ठिकाणी 'मांडणी काढून घेतल्याबाबत' पत्र दिलं आणि पोच घेतली. हे पत्र बहुतेक जण देत नाहीत, पण पुढच्या वर्षीच्या अर्जाला तेच सगळ्यात उपयोगी जोडपत्र. त्यानंतर दहा दिवसांत रत्नागिरी-दापोलीच्या मधेच कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्याला धडकलं, पाऊस मेमध्येच कोकणात उतरला आणि मैदानात गुडघाभर पाणी झालं. ३१ मेची तारीख मिळाली असती तर तेव्हा मी पान्हा घेऊन पावसात उभी असते.

सांगाडा शाळेच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे. मुलांना पुढच्या वर्षी बांगडा हवा आहे. वेल्डरदादा म्हणतो शेपटी कापून मागे दोन फूट पाइप जोडला की जमेल, आठशे रुपये होतील. अर्ज या वेळी गणपती झाले की लगेच देणार आहे.